रुमालाखालचा हात

१

भिकनचा उजवा हात मालकाला न विचारता काम करतो, असं नंदुरबारच्या मिरचीबाजारात म्हणतात. म्हणणारे हसतात, पण बोलण्यात तथ्य आहे. आज लोक त्याला भिकनशेठ म्हणतात आणि त्याच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानात, नजर पोचेल तिथवर लाल पसरलेलं असतं. पण सोळाव्या वर्षी शाळेला रामराम ठोकून तो बैलबाजारात फुलसिंग हेडीच्या हाताखाली लागला होता. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. अक्कलकुवा म्हणा, रनाळे म्हणा, जिथे बैल तिथे फुलसिंग, आणि त्याच्या मागे काठी धरून भिकन.

बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. वर पाऊसपाण्याच्या गप्पा, सोयऱ्यांची चौकशी; खाली बोटांचं भांडण. पटलं की समोरच्याचा पंजा घट्ट दाबायचा. दाबला की बसला सौदा.

फुलसिंगने बाकीही शिकवलं. बैल विकला तरी आपलं दावं द्यायचं नाही, ते गळ्यातून काढून घ्यायचं. घेणारा आपलं बांधतो. विकलेला बैल जाताना एकदा वळून बघतो, तेव्हा आपण दुसरीकडे बघायचं. आणि एकदा एक शेतकरी, पोरं रडतात म्हणून, विकलेला बैल परत मागायला धावत आला, तेव्हा फुलसिंग बाजाराच्या वेशीत उभा राहून म्हणाला होता, "येसना आत शे तवलग घाल तुन्हं दावं. पन घेनारा मोकया हातवरी जात नही. दुसरं जनावर दे." त्या माणसाने बदल्यात गाय दिली. बैल घेऊन गेला, गायीकडे बघितलं नाही.

भिकनने चाळीस वर्षांत दाबलेला पंजा कधी फिरवला नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तोच हात घेऊन तो गेल्या ऑक्टोबरात लिस्बनला गेला.

२

आता नंदुरबारचा मिरचीवाला लिस्बनला कशाला, तर भाईदासमुळे. तापीकाठचा केळीचा बागायतदार, पंचेचाळीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याची सून भाविका हिने मोबाइलवर स्पेन-पोर्तुगालची सहल बघितली. भाईदासची बायको कोकिळा विमानाला घाबरते. भिकनची मीनाबाई म्हणाली, "मी येत नाही, तुम्हीच जा त्या भाईदाससोबत. घरी तरी त्याच्याशिवाय कुठे करमतं तुम्हाला!"

सातव्या दिवशी भिकनला वाटत होतं की मीनाबाईने सूड घेतला.

तो दिवस मोकळा होता. सहलीची गाइड दामिनी, नाशिकची चुणचुणीत मुलगी, सकाळी सांगून गेली, "काका, सहा वाजता हॉटेलवर. आणि गळ्यातलं कार्ड काढायचं नाही. हरवलात तर तेवढंच दाखवायचं." नारिंगी पट्टा, त्याला कार्ड, त्यावर नाव, फोटो, हॉटेलचा पत्ता. सगळ्यांचे पट्टे सारखे.

लिस्बन हे चढ-उताराचं गाव. आपल्याकडे घाट गावाबाहेर असतो, इथे तो गल्लीत आहे. भाईदासचा डावा गुडघा दुखरा, त्यामुळे प्रत्येक चढाला भिकन वर जाऊन उभा, आणि खालून हाक: "थांब ना भो! तुले काय घाई शे?"

"घाई नही, पन आज येशी का उद्या?"

नदीकाठचा बुरूज बघायला गेले. भाईदासने बुरुजाकडे पाठ करून कोकिळेला व्हिडिओ कॉल लावला. "हाई नदी देख. आपली तापी बरी." ट्राममध्ये चढताना चालकाला हात जोडून राम राम घातला, तो बिचारा ब्रेक सोडून हात जोडायला गेला. नावाजलेल्या मिठाईच्या दुकानापुढे रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर या गृहस्थाने पिशवीतून थेपला काढला. आणि कहर म्हणजे चर्च. आत जाताना भाईदासने चपला बाहेर काढल्या. परत आले तर चपला नाहीत. वीस मिनिटं शोध. शेवटी झाडूवालीने त्या कचऱ्याच्या डब्यावर नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या.

"देव सगळासना एकच शे, चपला काढाना," भाईदास म्हणाला.

"देव एक शे, पन चपला तुन्ह्याच गयात ना!" भिकन ओरडला. दोन म्हाताऱ्या बाया वळून बघायला लागल्या. भाईदासने त्यांनाही राम राम घातला.

दुपारपर्यंत भिकनच्या डोक्याची पार भाजी झाली होती.

३

टेकडीवर जुन्या बाजाराचा दिवस होता. जुनी भांडी, मेलेल्यांचे चष्मे, किल्ल्या, एकेक बूट, सगळं फरशीवर चादरी टाकून मांडलेलं. बाजार दिसला की भिकन सुधारतो. पण भाईदास प्रत्येक दुकानापुढे बसून अहिराणीत भाव विचारायचा, समोरचा पोर्तुगीजमध्ये सांगायचा, दोघांनाही काही कळायचं नाही आणि दोघेही खूश.

बाजाराच्या टोकाला एका भिंतीला लागून एक टेबल होतं. त्यावर माल नव्हता. नुसतं एक राखाडी फडकं अंथरलेलं, कडा टेबलाखाली लोंबत असलेल्या. मागे माणूसही नव्हता. भिकन तिथे टेकला आणि भाईदासची वाट बघू लागला. भाईदास एका कबुतराला थेपला देत होता.

"घ्या हो कोन्ही याले!" भिकनने बैलबाजारातल्या सुरात आरोळी ठोकली. "दात देखा, चांगला शेतस! चालाले मंद शे, पन मारकुट नही!"

भाईदासला असल्या गमतीत भारी हौस. तो पुढे आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओठ वर करून खरंच दात दाखवले. आसपासचे दोघेतिघे हसले.

भिकनने तोंड आकाशाकडे केलं, हेडी करतात तसं, आणि उजवा हात त्या फडक्याखाली सारला.

आणि एका हाताने त्याची बोटं धरली.

हात कोरडा होता. थंड नव्हता, ऊनही नव्हता. सावलीत ठेवलेल्या लाकडासारखा. आधी दोन बोटं धरली. मग तिसऱ्याचं पेर दाबलं. घाई नाही, जोर नाही. फुलसिंग धरायचा तसं, जुन्या रिवाजाने, सभ्यपणे.

भिकनच्या ध्यानात यायला वेळ लागला. हाताला लागला नाही. हाताने बोट सोडवून घेतलं: नाही पटत. समोरून आणखी एक पेर आलं. हाताने पुन्हा बोट सोडवलं. मग समोरून सबंध पंजा आला, आणि भिकनच्या चाळीस वर्षांच्या हाताने तो घट्ट दाबला.

तेव्हा भिकनने हात ओढून घेतला. फडकं उचलून बघितलं. खाली टेबल होतं, फळकूट आणि चार पाय. पायांच्या मागे भिंत.

"काय व्हयनं?" भाईदास अजून हसत होता. "किती भाव उना मन्हा?"

भिकनला सांगता येईना. कितीला ठरलं ते हाताला कळलं होतं, त्याला नाही.

४

त्याने स्वतःला समजावलं, कारण समजूत घालणं हा त्याचा धंदाच आहे. जुनं व्यापारी गाव. मिरची आपल्याकडे आणली ती याच लोकांनी. असेल त्यांच्याकडेही रुमालाची चाल. टेबलाआड कोणी पोरटोर दडलं असेल. भिंतीत झरोका असेल. झरोका त्याने बघितला नव्हता, पण असेल.

"चाल," तो म्हणाला. "निघू."

भाईदासने गळ्यातला नारिंगी पट्टा काढून त्याच्या हातात दिला. "हाई तुन्हाकडे ऱ्हाऊ दे."

"का?"

"टोची ऱ्हायना."

सकाळपासून गळ्यात होता तेव्हा टोचला नाही. आता दामिनीची बोलणी कोणी खायची? भिकनने चिडून पट्टा कमरेच्या पाकिटात कोंबला आणि चेन लावली. मान वर केली तर भाईदास वीस पावलं पुढे गेला होता. चढावर.

सकाळपासून दर चढाला मागून हाक यायची. आता हाक नव्हती. भाईदास चालत होता, मान थोडी खाली, पावलं एका लयीत. डावा पाय दुमडत नव्हता.

"गुडघा बरा व्हयना का रे?"

पावलांची लय मोडली नाही.

तो एकाही दुकानापाशी थांबला नाही. एक पोरगी दारात केळी विकत होती. केळी बघून भाईदास थांबला नाही, हे भिकनने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. कोपऱ्यावर मात्र तो क्षणभर थबकायचा, मान उंच करून हवा हुंगल्यासारखा करायचा, आणि मग ठरलेल्या बाजूला वळायचा. लिस्बनमधल्या गल्ल्या! ज्या माणसाला शहाद्याच्या बसस्टँडवर फलाट सापडत नाही, तो.

भिकनला धाप लागली. दिवसभर हा मागे राहतो म्हणून डोकं उठलं, आता पुढे पळतो म्हणून. "भाईदास! अरे थांब ना भो!" त्याला स्वतःचाच सूर ओळखीचा वाटला. भाईदासचा होता तो, सकाळचा.

५

पुढची गल्ली अरुंद, उताराची होती, दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्या लावलेली घरं. दुपारचे चार वाजले असतील. वर दोरीवर कपडे वाळत होते, कुठेतरी रेडिओ चालू होता. भिकनला दोघांच्याच पावलांचे आवाज यायला हवे होते, त्याचे स्वतःचे आणि भाईदासच्या चपलांचे; पण त्यांच्यापुढे आणखी काहीतरी फरशीवर घासत होतं. सावकाश. पोतं ओढल्यासारखं. तो थांबला तरी ते ऐकू यायचं, म्हणजे ते त्याचं नव्हतं.

मग गल्ली डावीकडे वळली आणि भाईदास त्याला बाजूने दिसला.

भाईदासचा उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे धरलेला होता. मनगटापासून खाली राखाडी फडकं. भिकनने ते ओळखलं. फडकं भाईदासच्या हातावर होतं ते समजू शकतं. घेतलं असेल टेबलावरून, त्याचा काय भरवसा! पण फडक्याचं दुसरं टोक खाली लोंबत नव्हतं. तेही कशावर तरी टेकलेलं होतं, तेवढ्याच उंचीवर, हातभर पुढे. आणि त्याच्यापुढे नुसत्या फरश्या होत्या, ऊन पडलेल्या.

गल्लीच्या तोंडाशी दगडी कमान होती. कमानीपलीकडे ट्रामचे रूळ, पलीकडे गाव. बाजाराची ही वेस, हे भिकनला कोणी सांगावं लागलं नाही.

कमानीच्या दहा पावलं अलीकडे भाईदासने मान वळवून मागे बघितलं.

आणि भिकनने दुसरीकडे बघितलं. सवयीने. वर वाळत घातलेल्या एका हिरव्या सदऱ्याकडे. क्षणभरच. पण तेवढ्यात त्याला जे कळायचं ते कळलं: फडक्याखाली हात घालून त्याने काय विकलं, आणि घेणारा ते दिवसाढवळ्या, रिवाजाने, न भांडता घेऊन चालला आहे.

तो धावला. साठीचा मिरचीवाला लिस्बनच्या उतारावर ओरडत धावला, "नही देनं माले! सौदा मोडना! सौदा मोडना!" कमरेच्या पाकिटाला हात घातला, भाईदासचा पट्टा, आपल्याकडे राहिलेलं दावं, काढायला. चेन अडकली. स्वस्तातलं पाकीट, बाजारात घासाघीस करून घेतलेलं. चेन अर्ध्यात अडकली ती अडकलीच. कमान चार पावलं. तेव्हा धंदेवाल्या डोक्याने तोडगा काढला: पट्टा तर पट्टा, सगळे सारखेच. त्याने आपल्याच गळ्यातला पट्टा ओढून काढला आणि मागून भाईदासच्या डोक्यावरून टाकला.

फडकं खाली पडलं. दोन्ही बाजूंनी एकदम.

भाईदास लंगडला, भिंतीला धरून उभा राहिला. "कसाले वरडस रे? मन्हा गुडघा गया ना! सकायपासून पयाडी ऱ्हायना माले!"

भिकनने त्याला मिठी मारली. मग पाऊण तास तो एक शब्द चिडून बोलला नाही. भाईदासने केळीवाल्या पोरीशी वीस मिनिटं केळीच्या रोगावर चर्चा केली, तेव्हाही नाही.

६

सहाला दहा कमी असताना दोघे हॉटेलवर पोचले. दामिनीने बघितलं आणि हसली. "भाईदासकाका, तुमच्या गळ्यात भिकनकाका? अदलाबदल झाली की!"

"ऱ्हाऊ दे," भाईदास म्हणाला. "फोटोमा दोन्ही याडाच दिखतस."

भिकनने पाकिटाची चेन ओढली. सहज उघडली. भाईदासचं कार्ड काढून त्याने गळ्यात घातलं. मागचा आकडा लावला. सुटला. पुन्हा लावला. सुटला. तिसऱ्या वेळी पट्टा पायाशी पडला तेव्हा दामिनी म्हणाली, "आकडा खराब असेल, दुसरा देते." दुसराही सुटला.

जेवताना त्याने मनाशी हिशेब मांडून बघितला. वेशीच्या आत होता. दावं घातलं. सौदा मोडला, इज्जत गेली, जाऊ दे. आणि मग त्याला फुलसिंगचं राहिलेलं बोलणं आठवलं, घेणारा मोकळ्या हाताने जात नाही, आणि त्या शेतकऱ्याची गाय आठवली, कशी मान खाली घालून गेली ती.

त्याने ताट बाजूला सारलं. भाईदास म्हणाला, "खास नही का? मग माले दे."

७

डिसेंबरात पथारी भरात असते. डोंगरातून आलेल्या बाया ओळीने मिरची उलटतात, तोंडाला पदर बांधून. वारा फिरला की सगळ्या एकदम शिंकतात. भिकन तिथे रोज दुपारी फेरी मारतो. त्या दुपारी रेवाबाई, जुनी मुकादमीण, खोकत त्याच्याजवळ आली.

"शेठ, हात दुखस का?"

त्याने खाली बघितलं. खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर उतरला होता. हात कमरेच्या उंचीवर पुढे धरलेला. त्याने रुमाल खांद्यावर टाकला. ही आठवड्यातली चौथी वेळ. मीनाबाई म्हणते, हल्ली तुम्ही फार भरभर चालता, आणि चिडत नाही. चिडत नाही हे ती काळजीने म्हणते.

फाटकापाशी गाडी थांबली आणि भाईदास लंगडत मिरचीच्या वाफ्यांमधल्या वाटेने आला. हातात केळीचा घड, गळ्यात नारिंगी पट्टा. हा पट्टा घालून माणूस लग्नालाही जातो. कोकिळेने त्याच्यापुढे हात टेकले आहेत.

"भाविका वरडी ऱ्हायनी," तो म्हणाला. "म्हने, दुसराना नावनं कार्ड घालतस का! हाई ले तुन्हं. मन्हं माले दे." आणि त्याने पट्टा डोक्यावरून काढायला हात वर नेले.

भाईदासचं कार्ड गल्ल्याच्या खणात होतं. काढायचं, बदलायचं, एवढंच. आपलं दावं आपल्या गळ्यात, आणि भाईदास पुन्हा विकलेला. भिकनला सगळं लख्ख दिसलं, भाव फुटायच्या आधी दिसतो तसं. पट्टा भाईदासच्या कानांपर्यंत आला होता. मागे, पथारीच्या मधोमध, जिथे एकही बाई नव्हती, तिथे मिरच्यांवरून काहीतरी घासत येत होतं. सावकाश. पोतं ओढल्यासारखं.

"घाल तो गयामा!" भिकन एवढ्या जोराने ओरडला की बायांनी मिरची सोडून माना वर केल्या. "काढानं नाव नको घेऊ! याड्या, घरथून पथारीलग येवाले तुले तीन जनसले इचारनं पडस. घाल म्हनस ना!"

"अरे, पन वरडस कसाले?" भाईदासने घाबरून पट्टा परत घातला. मग हसला. "सहलपासून पहिल्यांदाच वरडना भो. बरं वाटनं."

भिकनने खाली बघितलं. रुमाल पुन्हा हातावर उतरला होता. त्याच्याखाली कोणीतरी आधी दोन बोटं धरली, मग सबंध पंजा. सभ्यपणे, घाई न करता. कोरडा हात.

तो चालायला लागला, फाटकाकडे. पाय हलके होते.

"कोठे चालना? केळी तर खाय!" मागून भाईदास. मग थोड्या अंतरावरून, गुडघा धरत, "थांब ना भो! कोनामांगे चाली ऱ्हायना?"

रेवाबाईने तोंडावरचा पदर काढला आणि पथारीकडे बघितलं, मग पटकन दुसरीकडे. बायांनीही मिरचीत डोकी घातली.

फाटकाच्या अलीकडे भिकनला थोडं थांबायला मिळालं. त्याने मान वळवून मागे बघितलं.

भाईदास व्यापारी नव्हता. अशा वेळी दुसरीकडे बघायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. केळीचा घड तसाच धरून, लाल मिरचीच्या मधोमध, तो सरळ भिकनच्या डोळ्यांत बघत उभा होता.